मिस्त्री बेकन निवडतो

फळीचं तोंड बघून जो फळी घेतो, त्याला मिस्त्री उभ्या जन्मात सुतार म्हणत नसे. वखारीत गेला की आधी फळी उलटी करायची, पाठीवरून तळहात फिरवायचा, गाठ कुठं, चीर कुठं ते बोटांनी वाचायचं, आणि मग चकचकीत बाजूकडे वळायचं. चाळीस वर्षं त्यानं अशाच रीतीनं निवडलेल्या लाकडाची दारं केली. त्यातलं एकही फुगून चौकटीत अडकलं नाही, हे तो कुणी न विचारताही सांगत असे.

अशा माणसाला बेसावध गाठलं ते मिठानं.

त्याची रविवारची सकाळ म्हणजे बेकन, डुकराचं खारवलेलं मांस. तव्यावर पट्ट्या आधी कुरकुरतात, मग अंग चोरतात, मग कडेनं सोनेरी होऊन हसायला लागतात, असं त्याचं वर्णन. आठवडाभर रंधा मारलेल्या हातांना त्या वासानंच सुट्टी लागे. पण तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मीठ कमी करा, महिन्यानं या.

घरी आल्यावर बायकोनं निकाल दिला. "अहो, कमी मिठाचं बेकन शोधून आणा. महिन्याभरात आकडा उतरला, तर तुमचा रविवार तुमचा. नाही उतरला, तर बेकन या घरात परत येणार नाही."

"उतरेल की," मिस्त्री म्हणाला. पण आवाज जरा पातळच निघाला.

शनिवारी तो दुकानात गेला आणि वाऱ्यासारखा परत आला. पाकिटावर हिरवी पानं, कोवळं ऊन, टपोऱ्या अक्षरांत 'नैसर्गिक' आणि त्याखाली 'टर्की', म्हणजे डुकराऐवजी पक्ष्याचं मांस. बायकोनं चष्मा लावला, पाकीट उलटं केलं, फ्रिजमधलं जुनं डुकराचं पाकीट काढून शेजारी धरलं, आणि हसत खुर्चीतच बसली.

"काय झालं एवढं?"

"या पानाफुलांच्या पाकिटात जुन्यापेक्षा जास्त मीठ आहे! अख्ख्या जगाला पाठ बघायला शिकवलंत, आणि स्वतः चित्राला भाळलात?"

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली.

तो तसाच दुकानात परतला. या वेळी थंड कपाटापुढे ठाण मांडून एकेक पाकीट पालथं करू लागला. एकावर मिठाचा आकडा इवलासा दिसला. त्यानं ते छातीशी धरलं.

"मिस्त्री, थांबा," कपाटात माल लावणारी बाई म्हणाली. तिच्या घराचं दार त्यानंच केलेलं. "तो आकडा एका पट्टीचा आहे. शेजारच्या पाकिटावरचा तीन पट्ट्यांचा."

"म्हणजे एकानं इंचात मापलं आणि दुसऱ्यानं फुटात?"

"तसंच धरा. हा शंभर ग्रॅमचा रकाना बघा. इथं सगळ्यांना एकच माप."

"मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी तुम्ही थांबलात कुठं? नवरदेवासारखे पाकीट मिरवत निघालात!"

मिस्त्री खदखदून हसला. मग त्यानं त्या एका रकान्यावर बोट ठेवून अख्खं कपाट वाचून काढलं. मीठ कमी दिसलं की चरबीचा पांढरा पट्टा अंगठ्यानं मापायचा. शेवटी सर्वांत खालच्या फळीवर, कुणाच्या नजरेत न भरणारं एक साधं पाकीट सापडलं. मीठ सर्वांत कमी, चरबी इतरांच्या निम्मीच. ते त्यानं दोन्ही हातांनी उचललं.

महिनाभर रविवारी दोनच पट्ट्या, आच मंद, आणि बाकीच्या जेवणावर वरून मीठ घेणं बंद. मग तपासणीचा दिवस आला. दंडाला पट्टा आवळला गेला. मिस्त्री छताकडे बघत होता, बायको काट्याकडे.

"उतरलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छान उतरलाय. गोळी नको. असंच चालू ठेवा. बेकन फक्त रविवारी, दोनच पट्ट्या."

"बाई, पट्टी किती जाडीची धरायची?"

"लागले मापायला!" बायको म्हणाली. "डॉक्टर, यांना जाडी सांगू नका. तुम्ही एक सूत सांगाल, हे तुळई घेऊन येतील!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मिस्त्री मात्र ताठ मानेनं बाहेर पडला, आणि रस्त्यात शीळ घालू लागला.

कोपऱ्यावर बायको म्हणाली, "उद्या चार पट्ट्या टाका."

"चार? आत्ता तर दोन म्हणाल्या."

"दोन तुमच्या, दोन माझ्या. महिनाभर मी एकही पट्टी खाल्ली नाही. पण तव्यावरून नजर हटेल तर तुम्हाला दिसेल ना!"

मिस्त्रीनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, आधी तुझ्या वाटणीचं घेऊ."