डोंगरदेशात असं बोलतात

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवी कचेरी उघडली आणि नांदेडहून ज्या कारकुनांची तिथे बदली झाली, त्यांत माझे वडील होते. पाट्यांचा रंग ओला होता, खुर्च्या कमी होत्या; पहिले काही दिवस वडील खिडकीच्या कट्ट्यावर बसून फायली लिहीत. गावात जो तो ‘आता आपला जिल्हा झाला’ म्हणून खूश होता, आणि त्याच गावात नळाला पाणी नव्हतं. पावसाने लागोपाठ पाठ फिरवली होती. नांदेडला निदान गोदावरी होती, उन्हाळ्यातही कुठेतरी डोह असायचा. इथे टँकर यायचा, आणि तो कधी येईल हे कोणालाच सांगता यायचं नाही.

आम्ही एका लिंगायत अडत व्यापाऱ्याच्या घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. त्यांची धाकटी मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. त्यांच्या घरात कानडी चालायची, बाजारात मराठी, आणि दुकानावरच्या हमालांशी दखनी. तिला तिन्ही यायच्या आणि तिन्हींत ती अडखळायची. पहिलं अक्षर ओठावर यायचं आणि तिथेच अडून बसायचं. तेवढ्यात घरातलं कोणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकायचं. वडील, आजी, भाऊ, सगळेच. सगळ्यात जास्त तिची आई, प्रेमापोटी. त्यामुळे तिचं बोलणं बहुतेक दुसऱ्यांच्याच तोंडून निघायचं.

शाळा सुटली की आम्ही दोघी घागरी घेऊन कोरड्या पडलेल्या आडाजवळ टँकरच्या रांगेला बसायचो. पहिल्याच आठवड्यात एका बाईने आपली घागर तिच्या पुढे सरकवली. ही उठली, तोंड उघडलं, पण शब्द निघेना. मीच म्हणाले, “ओ मावशी, तिचा नंबर हाय.” बाईने घागर मागे घेतली. मला वाटलं, ही खूश होईल. तिने मला करकचून चिमटा काढला.

“मी स... स... सांगणार होते,” ती म्हणाली.

मग आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसलो. टँकरही आला नाही. शेवटी गप्प बसून कंटाळा आला म्हणून मी तिला माहूरची गोष्ट सांगायला लागले. रेणुकादेवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथे कड्यावर उभं राहून हाक मारली की समोरचा डोंगर तीच हाक परत देतो. तिने डोंगर पाहिलेला नव्हता. तिने मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत बसल्या बसल्या तिनेच सुरुवात केली. तिकडे लांब एक जग आहे, तिथे चार देश आहेत. त्या जगाला आम्ही कधी नाव दिलं नाही, नुसतं ‘तिकडे’ म्हणायचो. देश ठरले तशा भाषाही ठरल्या, कारण वेगळा देश म्हटला की बोली वेगळी, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं. उदगीरकडच्या तिच्या मावश्या कानडीत भांडायच्या, नांदेडला आमच्या शेजारची देगलूरची बाई तेलुगूत रडायची.

वाळूदेशातले लोक तोंड मिटून नुसतं गुणगुणत बोलायचे, तोंडातला ओलावा उडू नये म्हणून. बाजारदेशात प्रत्येक वाक्य ‘न्हाई’ने सुरू व्हायचं. ‘न्हाई, बसा की.’ ‘न्हाई, चहा घ्या.’ हे तिने वडिलांच्या दुकानात बसून उचललं होतं. तळ्याकाठच्या देशाचं काम माझ्याकडे होतं. मी पाण्याला शब्द शोधत होते. कानडी नीरू, तेलुगू नीळ्ळू, दखनी पानी, सगळे करून पाहिले. ती म्हणाली, “त... तळ्याकाठी पाण्याला शब्दच नको. मागावंच लागत न्हाई कोणाला.”

डोंगरदेश तिचा एकटीचा होता. तिथे नियम असा की, एक शब्द उच्चारायचा आणि त्याचा आवाज समोरच्या डोंगराला आपटून परत येईपर्यंत गप्प राहायचं. तो आला की मगच दुसरा शब्द. घाई केली तर जाणारा शब्द आणि येणारा शब्द एकमेकांवर आदळून दोघांचाही चुरा होतो. आणि दुसऱ्याच्या शब्दाच्या मध्ये बोलणं म्हणजे तिथे फार मोठं असभ्यपण. या भाषेतले शब्द तिने स्वतः बनवले. ढुमा म्हणजे डोंगर, ओलम म्हणजे ढग, सिरवा म्हणजे जरा थांब. ती भाषा बोलताना ती कधीच अडखळायची नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिच्या लक्षात केव्हा आलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी ती आडाच्या कठड्यावर उभी राहून डोंगरदेशाचा निरोप सांगत होती. मी वाळूदेशाची राणी होते, आणि माझं सैन्य परत पाठवायला ती आली होती. एक शब्द, मग लांब बघत थांबणं, मग पुढचा. खूप वेळ चाललं होतं. तिची आई मोठा हंडा घेऊन आली आणि आमच्या मागे उभी राहिली. हिला ती दिसली नव्हती. आईने हंडा खाली ठेवला नाही, हाकही मारली नाही. निरोप संपल्यावर तिने हळूच विचारलं, “इदु याव भाषे?” ही कुठली भाषा?

ही दचकली आणि मराठीतच सांगायला लागली. “ड... ड... डों...” आईचं तोंड उघडलं. पुढचा शब्द आईच्या जिभेवर आला होता, मला दिसत होता. पण तिने तोंड मिटलं. पोरगी अडखळत अडखळत सगळा नियम सांगून मोकळी झाली, आणि आई हंडा कमरेवर तसाच धरून ऐकत राहिली.

“बरी भाषा हाय,” ती म्हणाली. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि आम्ही पळालो.

त्यानंतर आई तिचं वाक्य पुरं करेनाशी झाली. बाकीचे करायचेच. वडील म्हणायचे, “लवकर सांग, दुकान उघडायचंय.” आई भाकरी थापता थापता म्हणायची, “थांबा की, सांगायलीय ती.” शाळेत तर काहीच बदललं नाही. तोंडी परीक्षेला ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि गुण जायचे.

आम्ही तिथे पुष्कळ वर्षं राहिलो. बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिला बघायला पाहुणे आले. मी आतून चहाचे कप आणून देत होते. मुलाची आत्या पुढे बसली होती. तिने विचारलं, “काय काय येतं गं तुला?”

“मला शि... शि...”

“शिरा का?” आत्या हसून म्हणाली. “का शिवण?”

“शि...”

“शिकरण असंल बघा.” पाहुण्यांत कोणीतरी हसलं.

तिची आई कुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं. “अक्का, थांबा जरा,” ती म्हणाली. “ती बोलायलीय. तिचं तिला बोलू द्या.”

मुलीने मान वर केली, भिंतीपलीकडे बघत असल्यासारखी जरा वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, “मला. शिकायचंय. पुढे.”

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पानसुपारी घेतली आणि ते गेले. निरोप आला नाही. तिचे वडील बायकोशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. “घरी आलेल्या माणसाला थांबा म्हणतेस?” एवढंच परत परत. आईने पोरीला कॉलेजात घातलं. पहिल्या वर्षी ती नापास झाली. ते दोघींनाही लागलं होतं, पण आईने नाव काढून घ्यायचं मनावर घेतलं नाही, आणि पुढे ती पास होत गेली. माझ्या वडिलांची बदली परत नांदेडला झाली, तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती.

पुढे तिचं लग्न उदगीरला झालं. नवऱ्याचा छापखाना आहे. लग्नपत्रिका मराठीत छापतात, कानडीतही. दोन्हींची मुद्रितं तीच तपासते. बोलताना अजून अडखळते. तिच्या आईचे गुडघे गेले आहेत. आईला तिने आपल्याकडेच आणून ठेवलंय. मागच्या वेळी गेले तेव्हा आम्ही तिघी कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून शेंगा फोडत होतो, आणि आई सुनेविषयी कानडीत काहीतरी तक्रार सांगत होती, ती मला अर्धीच कळली.

फोन मात्र तिला नको वाटतो. समोर माणूस दिसत नाही. तिकडून ‘हॅलो, हॅलो’ होतं आणि कोणीतरी फोन ठेवून देतं. म्हणून मी तिला फोन करत नाही. आठवण आली की नांदेडच्या स्टँडवर जाऊन उदगीरची गाडी धरते.