आमचा तलाव आणि त्यांची खदान

गावाच्या फाट्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे. गिट्टी खदानीच्या विस्ताराविरुद्ध गावानं जेवढे अर्ज केले, ते सगळे माझ्याच मशीनमधून निघाले. अर्जाची कॉपी फाईलला लागते. पण अर्ज देऊन आलेला माणूस बाकड्यावर बसून जे सांगतो, ते कुठं लावायचं? एकाचं ऐकून हसून होत नाही तोवर दुसरा येतो, "हे तं काहीच नाही" म्हणतो आणि त्याचं सुरू करतो. असं करत करत माझ्याकडे फाईलपेक्षा जाड माल जमा झालाय. कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही!

आधी भांडण काय ते सांगतो. टेकडीवर खदान जुनीच आहे. आता कंपनीला ती तलावाच्या बाजूला वाढवायची आहे. तलाव मालगुजारीच्या काळातला. सरकारी कागदात संरक्षित पाणथळ म्हणून नोंद आहे. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, कधीमधी सारसाची जोडी येते. ढिवर समाजाची घरं याच्या मासोळीवर चालतात, आणि पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीखालच्या, सगळ्या धानाच्या बांध्या याच्याच पाण्यावर. ब्लास्टिंगनं पाळीला भेगा पडायला लागल्यात. पाळ फुटली तर खालचं शेत उरणार नाही, हे गावात कोणालाही कळतं. ज्यांना कळत नाही, ते साहेब झाले!

*

कंपनीनं पर्यावरणाचा अहवाल दिला. इंग्रजीत, उशाला घेता येईल एवढा जाड. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष रामाजी माझ्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "वाच अन् सांग, आपल्याबद्दल काय लिवलं हाय."

मी मोबाईलवर भाषांतर करत करत वाचायला लागलो. एका पानावर लिहिलं होतं, समुद्रकिनारा दूर असल्यामुळे कासवांच्या अंड्यांना धोका नाही.

रामाजी गंभीर झाले. "भंडारा जिल्ह्यात समुद्र? कधी आला गा?"

कुठल्या तरी कोकणातल्या प्रकल्पाचा अहवाल उचलून नाव बदललं होतं, दुसरं काय! तलावाचं नाव मात्र कुठंच सापडेना. शेवटी एका नकाशाखाली बारीक अक्षरात सापडलं, 'हंगामी खड्डा'.

रामाजी उठले, धोतर झटकलं. "आमच्या तलावाले खड्डा म्हणते, अन् सोताच्या खड्ड्याले प्रकल्प!"

*

मग पक्षी मोजायला एक तज्ज्ञ आले. गॉगल, टोपी, गळ्यात दुर्बीण. आले कधी? मे महिन्यात, भर दुपारी. तलावाचं पाणी आटून मधोमध उरलेलं, बदकं कधीचीच आपल्या देशी गेलेली. साहेबांनी गाडीतून न उतरता काच खाली केली, दुर्बीण लावली, काच वर केली. वहीत लिहिलं, 'पक्षी आढळले नाहीत.'

रामाजी गाडीजवळ गेले. "साहेब, तुमी होळीले येऊन दिवाळीचा फराळ मांगून राहिले!"

*

कंपनीचे मॅनेजर एकदा गावाला समजवायला आले. पांढरे बूट, पांढरा शर्ट, तोंडात गोडवा. शेवंताकाकूंच्या अंगणात खाट टाकली. काकू महिला बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांनी मान डोलावली की अर्धं गाव डोलतं, हे कंपनीला कोणीतरी सांगितलं होतं.

मॅनेजर म्हणाले, "ताई, ब्लास्टिंगची भीती मनातून काढून टाका. अगदी हलका आवाज होतो. झोपलेलं बाळसुद्धा उठणार नाही."

काकूंनी चहा पुढं केला आणि त्याच वेळी खदानीत बार उडाला. छपरावरून एक कवेलू सटकलं आणि खाटेशेजारी फुटलं. बघतो तर साहेब खाटेवर नाहीत! खाटेखाली, गुडघे छातीशी घेऊन, पांढऱ्या बुटांसकट.

काकूंनी वाकून बशी खाली सरकवली. "घ्या साहेब, चाय थंडी होऊन राहिली. हलकाच होता."

*

हसण्यावारी सगळंच जात नाही. एका वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी झाली, पावसानं दडी मारली आणि खदानीच्या रस्त्याकडचं काकूंचं धान पांढरंफटक पडलं. पानापानावर धुळीचा थर. काकू रोपांची एक जुडी उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून तालुक्याच्या एका ऑफिसात गेल्या. मी सोबत होतो. बसमध्ये त्या जुडी मांडीवर धरून बसल्या होत्या.

साहेबांनी जुडीकडे पाहिलं. "बाई, धूळच तर आहे. पाऊस आला की धुऊन जाईल." आणि शिपायाला हाक मारली, "अरे, टेबल पुस, माती सांडली."

शिपाई फडकं घेऊन आला. काकूंनी त्याचा हात धरला.

"कायले पुसता बापू? पाऊस येईनच ना!"

त्या दिवशी अर्जावर पोचेचा शिक्का पहिल्यांदाच न मागता मिळाला.

*

आमच्याकडचेही काही कमी नाहीत. माजी सरपंच आमच्या प्रत्येक सभेत पहिल्या खुर्चीवर. "तलाव ही आपली माय आहे!" म्हणून असे ओरडतात की माईक शिटी मारतो. आणि त्यांचे दोन टिप्पर त्याच खदानीची गिट्टी वाहतात! एका सभेत कोणीतरी उठून तोंडावरच विचारलं.

सरपंचांनी छातीवर हात ठेवला. "टिप्पर तिकडं चालून राहिले, पण मन इकडं हाय."

मागून शेवंताकाकूंचा आवाज आला, "मंग मन तिकडं पाठवा अन् टिप्पर इकडं आणा!"

*

जनसुनावणीच्या आधी कंपनीनं गावात छत्र्या वाटल्या. निळ्या, वर कंपनीचं नाव. खदानीविरुद्धच्या आमच्या समितीत वाद झाला, घ्यायच्या की नाही. काकू म्हणाल्या, "ऊन हाय. घ्या."

सुनावणीच्या दिवशी मंडपाबाहेर निळ्या छत्र्यांची रांगच रांग. मॅनेजर खूश! मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, गाव कसं आपल्यासोबत आहे म्हणून. एकेक बाई छत्री मिटून आत आली आणि माईकवर एकेकीनं विरोध नोंदवला. मॅनेजरचा मोबाईल हळूहळू खिशात गेला. ते काकूंना म्हणाले, "ताई, हे बरं नाही. छत्र्या आमच्या घेतल्या ना?"

काकू म्हणाल्या, "छत्री तुमची, डोकं आमचं!"

समर्थनासाठी कंपनीनं बाहेरगावाहून दोन गाड्या भरून माणसं आणली होती. त्यातली एक आजीबाई माईकपुढं उभी केली. मॅनेजर कानात सांगतायत, "बोला आजी, खदान पाहिजे म्हणा." आजीनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि थेट सुनावणीच्या अध्यक्ष साहेबांना विचारलं, "साहेब, डोळे कधी तपासते? सकाळपासून आणून बसवलं हाय!"

*

विस्ताराची परवानगी अजून मिळालेली नाही. फाईल वरून परत आली, सगळी पाहणी नव्यानं करा म्हणून. खदान मात्र सुरूच आहे, पाळीच्या भेगाही आहेत तिथंच. पण तलावाकडं एक पाऊल त्यांना सरकता आलेलं नाही. लोक विचारतात, अर्जानं झालं की सुनावणीनं? मी त्यांना फाईल परत यायच्या आधीच्या एका पाहणीच्या दिवसाचं सांगतो.

पावसाळा संपत आला होता. जिल्ह्याहून एक साहेब आले. कमी बोलणारे, हातात पॅड आणि पेन. खदानीच्या हद्दीपासून पाणी किती लांब, एवढंच त्यांना बघायचं होतं. कंपनीच्या नकाशात तलावाची कड पार लांब दाखवलेली. समोर बेशरमाची हिरवीगार झुडपं आणि त्यात गुंतलेलं गवत, दूरवर.

मॅनेजर म्हणाले, "सर, पाणी त्या झुडपांच्या पलीकडं. हे सगळं कोरडं ग्राउंड आहे."

रामाजी म्हणाले, "साहेब, तिकडं जाऊ नका."

"बघा सर, हे असंच करतात! सरकारी कामात अडथळा! मी स्वतः चालून दाखवतो."

आणि निघाले. पहिलं पाऊल ठीक. दुसरं जरा मऊ. तिसऱ्याला चुळूक असा आवाज झाला. मागं बघून ते हसले आणि अजून दोन पावलं टाकली. मग एकदम कमरेपर्यंत आत! एक हात बेशरमाच्या फांदीला, दुसऱ्यात नकाशा, तो तेवढा वर धरलेला. बाजूनं एक पाणकोंबडी फडफडत निघून गेली.

गाव पाळीवर उभं होतं. एकही माणूस हसला नाही. शेवंताकाकूंनी तोंडाला पदर लावला, तेवढंच.

रामाजींनी मॅनेजरना काढायला डोंगा, म्हणजे छोटी होडी, पाण्यात सोडायला सांगितला. मग जिल्ह्याच्या साहेबांजवळ येऊन उभे राहिले. साहेबांचं पेन तसंच हवेत.

"लिवून घ्या साहेब," रामाजी म्हणाले. "तलाव इथून सुरू होते."