जाडीच्या डाव्या पंखाखालची पट्टी

समजा, तुमच्या टेबलावर एका विमानाचे फोटो पडलेत. चीनच्या हवाई दलाचं मालवाहू विमान, वाय-२०. चार इंजिनं, पाठीवर बसवलेले पंख, रणगाडा गिळेल एवढं पोट. आराखडा नाही, मापं नाहीत. सोबत थर्माकोलच्या शीट, त्या कापायला एक गरम तार आणि चार लहान मोटरी. यातून दीड हात पंखांचं विमान करायचं आणि ते उडवून दाखवायचं. सुरुवात कुठून कराल?

ओसामाने पोटापासून केली. धनेशने पंखांपासून केली आणि तिथेच तो पुढे गेला.

दोघांनी डिप्लोमा एकत्र केला होता. आता ओसामा धामणकर नाक्यावर अब्बांच्या लेथवर कापड विणायच्या लूमचे पार्ट बनवत होता. अंजूर गावच्या धनेशच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती, भाडं येत होतं, त्यामुळे त्याला सकाळी उठून कुठे जायची घाई नव्हती. त्यात दोघांना शिकवलेले हिरामण सर त्यांच्या जुन्या कॉलेजात मॉडेल विमानांचा वर्ग सुरू करणार होते आणि शिकवायला त्यांना एकच माणूस हवा होता. अट सोपी होती. आपण बनवलेल्या मालवाहू विमानाच्या पोटात लूमवरची सुताने भरलेली कांडी ठेवायची आणि मैदानाला फेरी मारून ती परत आणायची. ओसामाला लेथवरून सुटायचं होतं. धनेशला नुसती गंमत हवी होती. हेच ओसामाला सहन होत नव्हतं.

गोडाऊनमागच्या मोकळ्या जागेत दोघांनी सराव केला. ओसामाचं विमान कांडी घेतली की नाक खाली घालायचं. धनेशचं मात्र संथ, वजनदार, अगदी खऱ्यासारखं वळण घेऊन आलं.

"बघ रं, माजी जाडी कशी चाललीय!" धनेश ओरडला. वाय-२०ला चिनी लोक लाडाने जाडी पोरगी म्हणतात हे वाचल्यापासून तो तिला दुसऱ्या नावाने हाकच मारत नव्हता.

"मस्त," ओसामा म्हणाला. ती त्याच क्षणी पत्र्यावर आपटावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

"थांब, आयेला चाय ठेवाया सांगतो. न्हाय म्हनू नको."

धनेश घराकडे वळला तसा ओसामाने खिशातला मापाचा व्हर्नियर काढला. पंखाची जाडी, वाक, टोकाची रुंदी, सगळं मोजलं, मोबाइलवर फोटो घेतले. डाव्या पंखाच्या मागच्या कडेखाली लाकडाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. उजव्या पंखाखाली नव्हती. तो क्षणभर थबकला. पण अब्बांच्या वर्कशॉपमध्ये तो लहानपणापासून एकच गोष्ट शिकला होता. गिऱ्हाईक तुटका पार्ट सॅम्पल म्हणून आणून देतं आणि हारूनभाई, म्हणजे अब्बा, हुबेहूब तसाच बनवतात. भोक कशाला, खाच कशाला, विचारायचं नाही. सॅम्पलमध्ये आहे ते मालात पाहिजे. त्याने पट्टीचंही माप घेतलं.

घरी तो नवे पंख कापायला बसला, तेव्हा बहीण मदीहा नाक दाबत दारात आली.

"भाई, काय जळतंय?"

"थर्माकोल."

"थर्माकोलचा वास मला माहीत आहे. हा तुझा आहे. धनेशदादाचं विमान उडालं वाटतं?"

"तू अभ्यास कर जाऊन."

"म्हणजे उडालं," असं म्हणून ती हसत पळाली.

रविवारी कॉलेजच्या मैदानावर ओसामाचा नंबर आधी लागला. त्याने कांडी बसवली, तिच्यावरचा पट्टा आवळला, विमान हातातून सोडलं. ते वर चढलं आणि लगेच उजवीकडे कलू लागलं. ओसामाने रिमोटची काडी डावीकडे पूर्ण दाबली. कललेलं विमान सरळ व्हायच्या आत मातीत घुसलं. कांडी सुटून घरंगळत गेली आणि सुताची लांब पांढरी रेघ मैदानावर पडली.

हिरामण सरांनी तुटका डावा पंख उचलला. "ही पट्टी कशासाठी लावलीस?"

धनेशने पट्टीकडे पाहिलं, मग ओसामाकडे. पट्टी कुठून आली ते धनेशला कळलं.

"वायर सुटली असंल, सर," धनेश म्हणाला. "कनची बी एक मोटर बंद पडली की असंच व्हतं."

मग त्याने आपली जाडी उडवली आणि कांडी आणून सरांच्या हातात ठेवली. वर्ग त्याला मिळाला.

निघताना धनेश जवळ आला. "आरं येड्या, माजा उजवा पंख गरम तारेवर कापताना वाकडा झाला. तो जास्त उचलायचा, म्हनून डाव्याला पट्टी लावली. तुजे दोनी पंख सरळ, तुला कशाला पायजे पट्टी? इचारलं असतंस तर सांगितलं असतं." आणि वर खांद्यावर हात टाकून, "शनवारी वर्गाला ये माज्यासंगं. पोरांना इमानाचं पोट तूच शिकव."

चोर म्हणाला असता तर ओसामाला भांडता आलं असतं. आता धनेशकडे चांगलं विमान होतं, वर्ग होता आणि वर चांगुलपणाही होता. ओसामाने खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला आणि शनिवारचं बघतो म्हणाला.

रिक्षात तो मोबाइलवर वाय-२०च्या आधीचं वाचत राहिला. पूर्वी चीनकडे सोव्हिएत अँटोनोव्ह-१२ विमानं होती. दोन देशांचं बिनसलं, तेव्हा चिनी इंजिनिअरांनी ते विमानच समोर ठेवून, मापं घेत आपलं वाय-८ उभं केलं. ते १९७४मध्ये उडालं, आणि त्याच लोकांच्या पुढच्या पिढ्यांतून वाय-२०पर्यंत मजल गेली. म्हणजे त्यांनीही सॅम्पलवरूनच केलं होतं आणि तरी त्यांचं उडालं. ओसामाला त्या अनोळखी माणसांचाही हेवा वाटला. धनेशला विचारायची त्याची तयारी नव्हती, आणि त्यांना तर विचारायला समोर कुणीच नव्हतं. मग त्या विमानातला कुठला तुकडा खरोखर गरजेचा आणि कुठला दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीवर लावलेली पट्टी, हे त्यांनी ओळखलं कसं?