पाटावरची चिठ्ठी
ओल्या रंगाचा वास आला की पेणचा तो गणपतीचा कारखाना आठवतो. रोह्याचं घर आणि मुलगा म्हणून जगणं सोडून मी तिथे कामाला लागले होते. गिऱ्हाइकं मूर्तीसाठी घरचा पाट आणून देत, त्यावर नावाची चिठ्ठी मी चिकटवायची. एकदा मालकांनी आमच्याच घरचा पाट पुढ्यात ठेवला. चिठ्ठीवर मी वडिलांचं नाव लिहिलं. माझं किरटं अक्षर एव्हाना गोल झालं होतं, तेवढाच आधार. ते मूर्ती न्यायला आले तेव्हा मी ओढणीने तोंड झाकलं आणि आवाज ओळखतील म्हणून बोललेच नाही. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आमची ही होती, तवा असंच लिवायची गो," आईची आठवण काढत म्हणाले आणि चिठ्ठी सोडवून खिशात ठेवली. त्यांनी मला ओळखलं का, हे विचारायला मी अजून रोह्याला गेलेली नाही.