मामाच्या गळ्यातली वीणा

भूत, मुंजा, चकवा... असलं काही कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जातो. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला माझा. ज्यात लॉजिक नाही ते मी मानत नाही. तरीही हे लिहितोय.

निजामाचं राज्य जायच्या आधीची शेवटची शिवरात्र. मी तेव्हा तरणाबांड. आमची दिंडी नरसीहून औंढा नागनाथाला पायी निघाली होती. वीणा मामाच्या गळ्यात. दिंडीतली वीणा जमिनीला टेकवत नाहीत आणि वीणेकरी खाली बसत नाही. दुसऱ्यानं वीणा घेतली की देणारा त्याच्या पाया पडतो — घेणारा वयानं केवढाही असो — आणि मगच बसतो.

औंढ्याच्या अलीकडे टेकाडाखाली आम्ही शिदोऱ्या सोडल्या. मामा उभाच, तार छेडत.

"मामा, बस की जरा. कोन पाहून राहिलंय इथं?"

"गधड्या, कोनी वीणा घेतल्याबिगर बसू कसा? तुझी भाकर होऊ दे, मंग तूच घे."

तेवढ्यात लुटारू आले... कुऱ्हाडी, भाले घेऊन. त्या दिवसांत असल्या टोळ्यांना विचारणारं कुणी नव्हतं. शेजारच्या टाळकऱ्याचं डोकं माझ्यासमोर फुटलं. बायका किंचाळत मागं पळाल्या, तसा मामा वाट अडवून उभा राहिला.

"बायामानसायला हात लावू नका!"

कुऱ्हाड त्याच्या मानेत बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यानं मला खाली पाडलं, छातीवर पाय दिला आणि कुऱ्हाड उगारली. संपलो, असंच वाटलं.

टुंग... टुंग...

मामा उभा होता. मान खांद्यावर लोंबत होती, वीणेचा भोपळा रक्तानं भिजला होता आणि बोट तार छेडत होतं. लुटारूंनी त्याच्या पोटात भाला खुपसला. उपसला. पुन्हा खुपसला. मामा हलला नाही. माझ्या छातीवरचा पाय निघाला... आणि ते हरामखोर लूट तिथंच टाकून पळाले.

मामाजवळ जायची कुणाची छाती होईना. शेवटी मामीच म्हणाली, "वीणा घे रे लेकरा. बसू दे त्यांना आता."

मी वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. मामा पुढं वाकला आणि माझ्या पायांवर कपाळ टेकवून पडला.

हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, मणका पहिल्याच घावात तुटलाय, त्यानंतर माणूस पळभरही उभा राहू शकत नाही. तेवढं मलाही कळतं हो. मग उभं कोण होतं?

त्या दिवशी वीणा घेऊन मी औंढ्यापर्यंत चालत गेलो, कुठं बसलो नाही. देवळाबाहेर सगळ्यांनी पाय धुतले. मामाचं कपाळ टेकलेले माझे पाय मला धुववले नाहीत.