सोनाळ्याचा एक तोई पोपट

“हाऽऽ हुर्र्र! उठ बे, उठ!”

आरोळीपाठोपाठ गोफणीचा दगड माझ्या डोक्यावरून इतका खालून गेला, की टोपीला भांग पडला. सोनाळ्याच्या वनबागेत पायवाटेच्या कडेला मी दुर्बीण लावून पालथा पडलो होतो, आणि कुंपणापलीकडच्या ज्वारीत, माळ्यावर (मचाणावर) उभी राहून एक बाई माझी पाखरं उधळत होती.

मी तिथवर गेलो तो नानांमुळे. नाना पुण्याच्या आमच्या रविवारच्या पक्षीमंडळाचे प्रमुख. मंडळाची नोंदवही माझ्याकडे असे, आणि मी एक बगळा पाहिला की वहीत बारा उतरत. शेवटी नाना म्हणाले, “या खेपेला एकच पक्षी आण, पण साक्षीदारासकट. नाहीतर वही दुसऱ्याकडे.” वहीशिवाय रविवारी मला कोण विचारणार? मी तोई पोपट निवडला. अंगानं हिरवा, आणि नराचं डोकं लालसर जांभळं, होळी खेळून आल्यासारखं.

शेगावला रेल्वेतून उतरून एसटी धरली. महाराष्ट्र राज्य नवंकोरं होतं; गाडी मात्र गेल्या जन्मीची. एका खड्ड्यात आम्ही सकाळी उतरलो ते दुपारी वर आलो. बाग पाहिली आणि शीण गेला. चुना फासलेल्या दगडांनी आखलेल्या वाटा, साग, सालई, मोह, आणि मागं सातपुड्याची निळी भिंत. दुसऱ्या दिवशी उजाडताच आत शिरलो, आणि ही आरोळी!

“बाई,” मी कुंपणाशी जाऊन हात जोडले, “अर्धा तास गप्प बसता का? मी पक्षी पाहायला आलोय, पुण्याहून.”

“पाखरं पाह्याले? काऊन, पुण्यात सरले काय?” तिनं मला नीट न्याहाळलं. गोदाबाई तिचं नाव. “बसतो चूप. पण कणसं गेली तं तुमच्या माथी, भाऊ.”

गोदाबाईनं गोफण मांडीवर ठेवली. मी पुन्हा पालथा झालो. तीन मिनिटांत बाग रिकामी! सातपुड्यातला झाडून सारा पक्षी ज्वारीत उतरला. माझ्या वाट्याला एक कावळा उरला, तोही निघायच्या बेतात.

“दिसले काय?” वरून प्रश्न आला. “अहो, मी हाकलतो तवाच तं ते तुमच्या झाडावर बसतात! या आता वर. तुमच्यापायी उतरले, तुमीच उठवा.”

मी माळ्यावर चढलो. माझा पहिला दगड मागं गेला आणि माझ्याच चहाच्या थर्मासवर बसला. मग मी गोफण सोडली आणि गळा काढला. असा ओरडलो, की पलीकडे मध्य प्रदेशातली गुरं दावी तोडून पळाली असतील. हिरवा थवा भर्रकन उठला आणि सालईवर जाऊन बसला. शेंड्याच्या वाळक्या फांदीवर, कोवळ्या उन्हात, एक लालसर जांभळं डोकं!

“बाई, पाहिलात?”

“रोज पाह्यतो. रोज हाकलतो.”

गोदाबाईनं भाकरी आणि ठेचा पुढं केला. ठेचा असा, की कानांतून वाफ निघाली. डोळे पुसत मी वही उघडली आणि साक्षीसाठी तिच्या अंगठ्याला फाउंटन पेनची शाई लावली. तिनं अंगठा हवेतच धरला.

“कितीक लिवले?”

“नर चाळीस.”

“लाल डोक्याचा एकच व्हता.”

“बाई, पुण्यात चाळीसाशिवाय कुणी मान वर करत नाही हो.”

“माह्या ज्वारीवरचे मले ठाऊक. एक लिवा, मंग अंगठा.”

दुपारची एसटी चुकेपर्यंत मी घासाघीस केली. वीसवर आलो, पाचवर आलो, दोनवर तर अगदी रडकुंडीला आलो. अंगठ्यावरची शाई वाळली, पुन्हा लावली. ती दर थोड्या वेळानं उभी राहून ओरडे आणि परत बसे. शेवटी मी चाळीसावर काट मारली.

परतीच्या वाटेवर ते पान पुनःपुन्हा काढून पाहिलं. सगळ्या वहीत तेवढंच पान मला हलकं वाटत होतं.

रविवारी नानांसमोर तोंड उघडलं, तर आवाजच नाही. घसा सोनाळ्यालाच राहिला होता. वही पुढं सरकवली. नानांनी नोंद वाचली, शाईचा अंगठा चष्मा वर करून पाहिला आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली.

“एकच ना?” ते म्हणाले. “मग पाहिला असशील.”