वडिलांच्या वयाचा रकाना

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि त्याचं खापर घरात सगळ्यांनी माझ्याच डोक्यावर फोडलं होतं. सासूबाईंची यादी तर तोंडपाठ होती. "पोटुशी होतीस तवा मोबाईल बघत बसायचीस. रोज बसनं विरारला गेलीस, आगाशीच्या रस्त्याच्या खड्ड्यांत पोरीला हादरं बसलं." शिवाय एकतिसाव्या वर्षी बाळंतपण, म्हणजे त्यांच्या मते उशीरच. मुलीच्या बापाचं वय मात्र कुणी काढत नसे. पुरुषाला कसलं आलंय वय!

मी विरारला रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर बसते. वय विचारणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आचोळ्याच्या बालविकास केंद्रात चार पानी फॉर्म हातात आला, तेव्हा नजर आधी रकान्यांवर गेली. आईचं वय, आईचा आहार, आईची आजारपणं, आईला गरोदरपणात काही ताण होता का. वडिलांचं नाव आणि व्यवसाय. संपलं. माझं डोकंच सणकलं. ताण नव्हता असं लिहिलं आणि फॉर्म देऊन टाकला.

आत डॉक्टरबाईंनी मात्र आपणहून विचारलं, "मुलगी झाली तेव्हा वडिलांचं वय काय होतं?"

"त्रेचाळीस," नवरा म्हणाला.

"सत्तेचाळीस," मी म्हणाले.

"आधार कार्ड बघा ना, मॅडम." त्याने खिशात हात घातला.

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. कार्डावर एक जून ही जन्मतारीख आहे. आमच्या मासेमारी बंदरावरच्या त्याच्या वयाच्या कितीतरी माणसांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. इथे पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि हा डॉक्टरांना मास्तरांनी ठरवलेलं वय सांगतोय.

नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंना वाटलं, लेकाचं कौतुक चाललंय. "दहा वर्साचा घोडा होता," त्या हसत म्हणाल्या. "तवर सुकी मच्छी राखायचा. मास्तरानं सहाचा लिवला. मीच तर घेऊन गेलेली."

"आये, गप ना," नवरा पुटपुटला. डॉक्टरबाईंनी त्रेचाळीसवर काट मारून सत्तेचाळीस लिहिलं.

तो आकडा बघून मला जे सुख झालं, ते सांगायला लाज वाटते. मी लगेच विचारलं, "म्हणजे यांच्या वयामुळे झालं का?" मला 'हो' ऐकायचं होतं. सासूबाईंच्या समोर, मोठ्या आवाजात.

डॉक्टरबाई म्हणाल्या, वडिलांचं वय वाढलं की मुलांच्या वाढीत अशा अडचणी येण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून विचारायचं असतं. पण पुष्कळ वयस्कर बापांची मुलं ठणठणीत असतात, आणि या मुलीचं कशामुळे झालं हे कुणीच सांगू शकणार नाही. बसच्या हादऱ्यांनी नक्कीच नाही. आधी कान तपासा, मग बोलण्याचे व्यायाम सुरू करू.

इतके दिवस ऐकून घेतलं, आणि शेवटी हातात काय, तर सांगता येत नाही! बाहेर पडताच सासूबाई म्हणाल्या, "बघ, डाक्टरीन पन त्याला दोष नाय देत." बसचं वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं. मी चपला अशा काही घातल्या की पट्टाच तुटला.

सासूबाई मुलीला घेऊन रिक्षात बसल्या. नवरा तिथेच उभा राहिला. मी तोंड उघडणार, सगळं एकदाचं सुनावणार, तेवढ्यात तो बोटांवर मोजत म्हणाला, "ही वीसची होईल तवा मी सदुसष्टचा. खरा."

मी तुटलेली चप्पल हातात घेतली. तो रिक्षाकडे बघत होता.

"आपलं काय दुखतं, एवढं तरी तोवर दुसऱ्याला सांगता येईल ना गं हिला?"

त्याच्यावर काढायला साठवलेला राग तसाच राहिला. या प्रश्नाला त्रेचाळीस काय नि सत्तेचाळीस काय, सारखंच होतं.